पहिला चांगला स्टिरिओ : खोलीपासून सुरुवात (प्रकल्प नोंदी)

आजवर घरी गाणं ऐकायला टीव्हीखालचा साउंडबार आणि एक ब्लूटूथ स्पीकर होता. आता दोन स्पीकर, एक ॲम्प्लिफायर आणि एक प्लेअर असा नीट स्टिरिओ बसवायचा आहे. हेच काम कुणाला करायचं असेल त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतोय. खर्च रकमेत न लिहिता एकूण बजेटचे १०० भाग धरून लिहितो, म्हणजे कुणालाही स्वतःच्या बजेटला लावून बघता येईल.

५ जानेवारी : टेप घेऊन खोली मोजली

लांबी ४.३ मीटर, रुंदी ३.४, उंची २.९. स्पीकरचा विचार करण्याआधी हे आकडे भिंतीवर चिकटवले, कारण खर्जाचं काय होणार हे बरंचसं इथंच ठरतं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीनं भागलं की ४० हर्ट्झ येतात. तसंच रुंदीचे ५० आणि उंचीचे ५९. या तीन सुरांना ही खोली आपणहून घुमणार, स्पीकर कुठलाही आणा.

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. भिंतीलगत खर्ज सगळ्यात जास्त साचतो, म्हणजे आत्ताची बसायची जागा सगळ्यात वाईट. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवली तर बाजूच्या दोन उघड्या भिंतींमध्ये बारीक टर्रर्र असा पडसाद येतो. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट हलवायचं ठरलं, दुसरीला जाड पडदा. दोन्ही घरात होतेच.

९ जानेवारी : काय ऐकून ठरवायचं

दुकानात त्यांच्याच डेमो गाण्यांवर प्रत्येक स्पीकर छानच वाजतो. म्हणून स्वतःची यादी केली. फार लांब नाही: एकट्या पुरुषाचा बोलता आवाज, तंबोरा, तबल्याचा बायां, पियानोचा एकल तुकडा, आणि बरीच वाद्यं एकदम वाजणारं एक गर्दीचं रेकॉर्डिंग.

बोलता आवाज यासाठी की माणसाचा आवाज कसा असतो हे कानाला पक्कं ठाऊक असतं. छातीतून घुमल्यासारखा किंवा नाकातून आल्यासारखा वाटला तर स्पीकरमध्ये तिथं काहीतरी वरखाली आहे. तंबोऱ्यात जवारीचे वरचे स्वर एकेक करून उमलतात. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा भोंगा) कर्कश असेल तर त्याचं नुसतं झणझण होतं. बायांवर मनगट दाबून स्वर वर सरकतो तेव्हा तो सलग सरकायला हवा. मधेच एखाद्या ठिकाणी फुगला आणि पुढं विरला, तर खोली किंवा स्पीकर, दोघांतलं एक कुणीतरी बोलतंय.

१८ जानेवारी : दुकानांतलं ऐकणं, आणि मोठ्या आवाजाचा सापळा

पहिल्या फेरीत जी जोडी सगळ्यात जिवंत वाटली तिची सेन्सिटिव्हिटी (१ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती आवाज येतो तो आकडा) ९० डेसिबल होती. तिच्यासमोर फिकी वाटलेली ८६ ची. नॉब त्याच जागी ठेवून एकीवरून दुसरीवर गेलं की ४ डेसिबल आवाज आपोआप वाढतो, आणि जास्त मोठा आवाज कानाला जास्त चांगला वाटतो. फरक अगदी १ डेसिबलचा असला तरी तो आपल्याला "मोठा" असा जाणवत नाही, "मोकळा", "स्वच्छ" असा जाणवतो. खरा धोका तोच आहे.

पुढच्या वेळी फोनवर डेसिबल मोजायचं ॲप आणि पिंक नॉइजची (सगळे सूर एकत्र असलेल्या सलग खळखळाटाची) फाइल घेऊन गेलो. फोनचा आकडा अचूक नसतो, पण एकाच फोननं एकाच खुर्चीतून दोन जोड्यांची तुलना करायला पुरतो. आवाज सारखा केल्यावर क्रम बदलला. ९० वाल्या जोडीत बोलता आवाज पातळ आणि थोडा धारदार होता. ८६ वाल्या जोडीत तो माणूस समोर बसल्यासारखा होता. दुकानातल्या माणसाला सुरुवातीला हे मोजमाप नकोसं झालं, पण नंतर तोच स्वतःहून नॉब लावून देत होता.

कुठलीही दुसरी तुलना करा वा करू नका, पण आवाज सारखा केल्याशिवाय पैसे देऊ नका.

२ फेब्रुवारी : उंच टॉवर घरी आणून पाहिले

एका मित्राकडं जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर स्पीकर आहेत. त्याच्या मोठ्या, मोकळ्या दिवाणखान्यात ते अप्रतिम वाजतात. आठवडाभरासाठी उसने आणले. आमच्या खोलीत बायां सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटाला कपाटाची काच थरथरायला लागली. मनगटाचा स्वर सरकताना खालच्या एका टप्प्यावर खोली भरून घुमायचा, तिथून पुढं गेला की एकदम रोड व्हायचा. पुरुषाच्या आवाजाखाली एक सततची गुंजन.

मोठा स्पीकर ४० हर्ट्झपर्यंत जोरात खाली जातो, आणि खोली नेमकी तिथंच घुमते. दोघांचं मिळून जे होतं त्याला खर्ज म्हणता येत नाही. स्पीकर भिंतीपासून बरेच पुढं ओढले तेव्हा थोडा फरक पडला, पण मग चालायला वाट राहिली नाही. टॉवरचा विचार सोडला. उसने मिळाले नसते तर हे विकत घेऊन कळलं असतं.

८ फेब्रुवारी : स्पीकर ठरले

स्टँडवर ठेवायचे छोटे, दोन ड्रायव्हरचे स्पीकर. साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा भोंगा), घुमटाकार ट्वीटर, मागे पोर्ट (हवेसाठी भोक), सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, ८ ओहम. खाली साधारण ५० हर्ट्झपर्यंत जातात. त्याखाली खोली स्वतः थोडी भर घालते, त्यामुळं आमच्यासारख्या जागेत ते अपुरे वाटत नाहीत.

निवडताना मॉडेलांचे मोजलेले आलेखही (कुठल्या सुराला किती आवाज येतो ते) पाहिले. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले होते. कुठला वाजतोय हे कळत नसताना बहुतेकांना तेच आवडले ज्यांचा समोरचा प्रतिसाद सपाट होता आणि बाजूला जाणारा आवाजही सुरळीत उतरत होता. म्हणून समोरच्या रेषेइतकंच बाजूच्या रेषांकडंही बघा. बाजूचा आवाज भिंतीला आपटून आपल्याकडंच येणार असतो. ज्या जोडीच्या आलेखात २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात बाजूच्या रेषा उंचवट्यासारख्या वर आल्या होत्या, तीच जोडी दुकानात धारदार वाटली होती. कान आणि आलेख एकच सांगत होते, तेव्हा निर्णयाला वेळ लागला नाही.

खर्च : ५२ भाग. अर्ध्याहून जास्त रक्कम स्पीकरवर गेली आणि ती तिथंच जायला हवी.

१० फेब्रुवारी : ॲम्प्लिफायर किती वॉटचा

बसायची जागा साधारण अडीच मीटरवर धरली. ८६ डेसिबल हा आकडा १ मीटरचा. अडीच मीटरवर ८ डेसिबल कमी, दोन स्पीकर म्हणून ३ जास्त. म्हणजे १ वॉटला खुर्चीत सुमारे ८१ डेसिबल, आणि खोलीची भर वेगळी. नेहमीचं ऐकणं त्याच्याही खालीच असतं. तबल्याची थाप किंवा सगळी वाद्यं एकदम उठतात तेव्हा ९६-९७ डेसिबल धरले तरी वर १६ डेसिबल लागतात, म्हणजे ४० वॉट. प्रत्येक ३ डेसिबलला वॉट दुप्पट होतात. त्यामुळं ५० वॉटचा ॲम्प सोडून १०० वॉटचा घेतला तर हाती येतात फक्त ३ डेसिबल.

१९७८ साली आलेला नॅड ३०२० हा ॲम्प कागदावर फक्त २० वॉटचा होता आणि जगभर लोकांनी त्यावर आयुष्याचा पहिला स्टिरिओ उभा केला. ५० वॉट आम्हाला भरपूर आहेत.

१४ फेब्रुवारी ते महिनाअखेर : सेकंडहँड ॲम्प, गेलेला वेळ

ॲम्पमध्ये बचत करावी म्हणून जुना एक मागवला होता. दिसायला सुंदर, जाड ॲल्युमिनियमचं तोंड. नॉब फिरवताना खरखर आणि एका बाजूचा आवाज मधेच जायचा. हे चालण्यासारखं होतं, कारण नॉबच्या आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो पुष्कळदा फिरवला की बहुतेक वेळा भागतं. इथंही भागलं.

भागलं नाही ते दुसरंच. स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटर डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) मिलिव्होल्टवर लावून, गाणं बंद ठेवून, ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलांवर धरला. उजवीकडं १२ मिलिव्होल्ट, ठीक. डावीकडं १८०, आणि ॲम्प गरम होत गेला तसा आकडा चढतच होता. ५० च्या आत असेल तर निश्चिंत राहावं, १०० च्या वर गेला तर दुरुस्तीशिवाय स्पीकर जोडू नये. तो डीसी वूफरची कॉइल सतत एका बाजूला ढकलून तापवतो. विकणाऱ्यानं "सर्व्हिस केलेला" म्हणून लिहिलं होतं. परत पाठवला. पैसे मिळाले, पाठवणीचा १ भाग गेला आणि जवळपास पंधरवडा.

सेकंडहँड घेऊ नये असं मी म्हणणार नाही. मल्टिमीटर सोबत घेऊन जा, अर्धा तास चालू ठेवून मोजा. आणि जुने स्पीकर बघत असाल तर वूफरच्या कडेची रिंग बोटानं हलकेच दाबा. फोमची असेल तर ती वर्षांनुवर्षांनी कुजते आणि बोटाला चिकट भुकटी लागते. रबराची बराच काळ टिकते.

३ मार्च : नवा ॲम्प

५० वॉट, रिमोट, एक ऑप्टिकल इनपुट, सबवूफरसाठी (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) वेगळं आउटपुट. हे शेवटचं आज लागणार नाही, पण नंतर जोडता येत नाही. खर्च २४ भाग.

मित्र त्याचा बराच महागडा ॲम्प घेऊन आला. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्हींचं एसी व्होल्टेज सारखं केलं. (स्वस्त मल्टिमीटर उंच सुरांना चुकीचं मोजतात, म्हणून सूर खालचाच घ्यावा.) १ टक्क्याच्या आत जुळलं की फरक ०.१ डेसिबलहून कमी राहतो. मी डोळे मिटून बसलो, तो अदलाबदल करत होता, मग जागा बदलल्या. नेहमीच्या आवाजात कुठला कुठला हे दोघांनाही ओळखता येईना. माझी त्याबाबतची खात्री आता पक्की आहे: ताकद पुरेशी असेल, डीसी आणि खरखर नसेल, तर ॲम्पवरचा जादा खर्च स्पीकरकडं वळवावा.

६ मार्च : वायर

२.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची दुपदरी वायर. एका मीटरच्या एका पदराचा रोध सुमारे ७ मिलिओहम. चार मीटर जाऊन-येऊन ०.०६ ओहमच्याही आत, ८ ओहमपुढं ते नगण्य. दोन्ही बाजूंना बनाना प्लग.

पहिल्या संध्याकाळी आवाज विचित्र. गायक दोन स्पीकरांच्या मध्ये उभा राहायच्या ऐवजी डोक्याभोवती पसरलेला, आणि खर्ज जवळपास नाहीसा. एका स्पीकरचं अधिक-उणे उलटं झालं की हेच होतं: एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. वायर ॲम्पवरून काढून दीड व्होल्टच्या सेलला क्षणभर टेकवली. सेलचं अधिक टोक लाल पदराला लागलं की वूफर पुढं यायला हवा. डावा पुढं आला, उजवा आत गेला. उजव्या वायरच्या एका टोकाला लाल-काळे प्लग उलटे बसले होते. ते बदलताच गायक मध्यभागी येऊन उभा राहिला.

(ही सेलची चाचणी फक्त साध्या स्पीकरांवर. आत ॲम्प असलेल्या ॲक्टिव्ह स्पीकरांवर करू नका.)

ब्रिटिश इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला तो याच चित्रासाठी, सिनेमाच्या पडद्यावरचा माणूस जिथं दिसतो तिथूनच त्याचा आवाज यावा म्हणून. दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या हवेत एक माणूस उभा राहतो, हे पहिल्यांदा नीट ऐकलं तेव्हा आम्ही घरातले सगळे गप्प बसून राहिलो. साउंडबारवर हे कधीच झालं नव्हतं.

११ मार्च : स्टँड आणि उंची

सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर. स्पीकरच्या तळापासून ट्वीटर ३२ सेंटिमीटर. म्हणजे स्टँड ६२ चा हवा, बाजारात ६० चे मिळाले. धातूच्या पोकळ नळीवर बोटानं टकटक केली तर घंटेसारखी वाजते, म्हणून नळ्यांमध्ये पूर्ण वाळलेली वाळू भरली. ओली वाळू आतून गंज आणते, तेव्हा आधी उन्हात पसरून ठेवली. स्पीकरच्या तळाला चार कोपऱ्यांत रबरी गोळ्या. खर्च ९ भाग. नुसत्या स्टँडला एवढा खर्च जड वाटतो, पण कपाटावर ठेवलेल्या स्पीकरमधून बोलता आवाज पेटीतून आल्यासारखा येत होता आणि स्टँडवर तो मोकळा झाला.

१६ मार्च : स्पीकर कुठं ठेवायचे, या कामाचा गाभा

बहुतेक लोक इथं वेळ देत नाहीत आणि पुढच्या खरेदीकडं वळतात. माझा सगळ्यात जास्त फायदा इथं झाला, आणि खर्च शून्य.

पहिली मांडणी : दोन स्पीकरांत २.१ मीटर, बाजूच्या भिंतींपासून प्रत्येकी ६५ सेंटिमीटर, पुढच्या भिंतीपासून स्पीकरचं तोंड ६० सेंटिमीटर. दिसायला देखणी. पण पुरुषाचा आवाज कमरेतून कापल्यासारखा, पियानोचा डावा हात पोकळ.

कारण मोजपट्टीवरच सापडलं. भिंतीवरून परत आलेली लाट ज्या सुराला थेट आवाजाच्या उलटी पडते तिथं खड्डा होतो. ३४३ ला अंतराच्या चौपटीनं भागा. ६५ सेंटिमीटरला १३२ हर्ट्झ, ६० ला १४३. दोन खड्डे जवळजवळ एकमेकांवर पडले होते, आणि तेही माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात.

स्पीकर मागं सरकवून तोंड भिंतीपासून ४० सेंटिमीटरवर आणलं. आता मागच्या खड्ड्याची जागा २१४ हर्ट्झ, बाजूचा तिथंच १३२ वर. दोन्ही वेगवेगळे झाल्यावर कुठलाच तितका खोल राहिला नाही. आवाजाला अंग आलं. भिंत जवळ आल्यानं खर्ज वाढला, म्हणून मागच्या पोर्टमध्ये स्पीकरसोबत आलेले फोमचे बूच बसवले. तुमच्या खोलीत माझे आकडे चालणार नाहीत. लक्षात ठेवायचं ते इतकंच की मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनची अंतरं सारखी ठेवू नका.

मग तिरपेपणा. स्पीकर सरळ समोर बघत होते तेव्हा चित्र रुंद पण गायक धूसर. थेट कानांकडं वळवले तेव्हा गायक टोकदार पण तंबोरा जरा तिखट. रेषा डोक्याच्या किंचित मागं मिळतील इतके वळवले आणि तिथं थांबलो. जमिनीवर स्टँडच्या कोपऱ्यांना कागदी टेप लावली, कारण झाडताना स्टँड हलतातच.

बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला. सोफ्यावरून जिथं आरशात ट्वीटर दिसला ती पहिल्या परावर्तनाची जागा. एका बाजूला तिथं पडदा आलाच होता, दुसरीकडं पुस्तकांचं कपाट वीतभर पुढं सरकवलं.

२१ मार्च : गुणगुण

टीव्ही ॲम्पला जोडला आणि गाणं बंद असतानाही हलकी गुणगुण. टीव्हीची केबलची वायर काढली की गुणगुण बंद. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं की असं होतं. अर्थिंगची पिन काढून टाका, असा सल्ला काही जण देतात. तो जीवघेणा आहे, कधीही पाळू नका. टीव्ही ते ॲम्प साधी ऑडिओ वायर काढून ऑप्टिकल केबल लावली. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, विजेची जोडणीच उरत नाही. गुणगुण संपली.

२९ मार्च : मायक्रोफोन लावून मोजलं

यूएसबीवर चालणारा मोजणीचा मायक्रोफोन घेतला (४ भाग), सोबत रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. सोफा भिंतीला असताना ४० हर्ट्झवर आजूबाजूच्यापेक्षा १२ डेसिबलचा डोंगर. जानेवारीत कागदावर आलेला आकडा पडद्यावर तसाच उभा राहिला.

सोफा पुढं ओढला, कान मागच्या भिंतीपासून १.४ मीटरवर येईपर्यंत. डोंगर साडेसहा डेसिबलवर उतरला. अगदी मध्यभागी बसलो तर तो नाहीसाच होतो, पण मग ४० हर्ट्झचा खर्जही नाहीसा होतो. खोलीच्या लांबीच्या एक तृतीयांशाच्या आसपास बरं जमतं. उरलेल्यासाठी प्लेअरमधल्या ईक्यूत (ठरावीक सुरांचा आवाज कमी-जास्त करायची सोय) एकच फिल्टर: ४० हर्ट्झ, उणे ६ डेसिबल, क्यू ५ (म्हणजे अरुंद पट्ट्यापुरता). १३२ जवळचा खड्डा ईक्यूनं भरायच्या भानगडीत पडलो नाही. तिथं जितकं वाढवाल तितकंच भिंतीवरचं परत येऊन ते खाऊन टाकतं.

आता बायां सलग सरकतो. सोफ्याच्या मागं जी जागा तयार झाली तिथं मुलांचं अभ्यासाचं टेबल आलं, त्यामुळं सोफा पुढं आल्याची तक्रारही मिटली.

१२ एप्रिल : हिशेब आणि बाकी

स्पीकर ५२, ॲम्प २४, स्टँड ९, प्लेअर ८, मायक्रोफोन ४, वायर-प्लग-केबल २, परत गेलेल्या ॲम्पची पाठवणी १.

प्लेअरबद्दल एवढंच: घरातल्या नेटवर्कवरून फाइल वाजवणारा आणि आत ईक्यू असलेला साधा डबा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे सीडीच्या दर्जाची फाइल मला पुरते. ब्लूटूथ पाहुण्यांच्या फोनसाठी ठेवलंय.

टर्नटेबल पुढं ढकललं. घरात जुन्या रेकॉर्ड आहेत आणि त्या वाजवायच्या आहेत, पण सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. त्याला वेगळा फोनो प्रीॲम्प लागतो, चांगली सुई लागते, आणि रेकॉर्ड धुवायची सोय. थोड्याशा खुर्द्यात ते बसवलं तर रेकॉर्ड खराब होतील.

सबवूफर घ्यायचा की नाही हे पावसाळ्यानंतर बघू. घ्यायचा ठरला तर ८० हर्ट्झला जोडणार (त्याखालचे सूर सबकडं), आणि जागा शोधायची रीत आत्ताच लिहून ठेवतो: सब सोफ्यावर कानाच्या जागी ठेवायचा, खर्जाचं गाणं लावायचं, आणि भिंतींच्या कडेनं गुडघ्यांवर रांगत जिथं खर्ज सगळ्यात सारखा ऐकू येतो तिथं खूण करायची. सब मग त्या खुणेवर. तोवर ५० च्या खाली जे नाही त्याची उणीव मला फक्त एखाद्या पाइप ऑर्गनच्या रेकॉर्डिंगमध्ये जाणवते.